सव्वा तासावरची मावशी

माझी एकुलती एक मावशी बंगळूरला राहते आणि आई आमच्याकडे जळकोटला. मावशीचे यजमान, आमचे काका, गेल्याचा फोन आला तेव्हा आई तशीच निघाली. नांदेडपर्यंत एसटी, पुढे रेल्वे. ती पोचेपर्यंत सगळं आटपलं होतं. आईच्या मनात ते राहिलं. पुढं तिच्या पाठीचं ऑपरेशन झालं आणि रेल्वेचा प्रवास बंदच झाला. बहिणीचा विषय निघाला की ती एवढंच म्हणायची, "लई लांब हाय रे ते."

नांदेडहून बंगळूरला विमान जातं हे कळल्यावर मी तिच्यासमोर फोन धरला. रस्त्यानं सात-आठशे किलोमीटर, विमानानं सव्वा तास.

"इथनं कंधारला जायाला लागतो तेवढाच?" आईनं विचारलं.

"जवळपास तेवढाच."

"खोटं दाखवायलाय तुझा फोन."

तिकिटं काढली. विमानतळावर तपासणीत तिच्या हातातल्या पिशवीतली लोणच्याची बरणी काढून ठेवली. आई तपासणाऱ्या पोरीला म्हणाली, "घरचं हाय बाई, खाऊन बघ." पोरगी हसली, पण बरणी काही परत दिली नाही.

विमान उडालं तेव्हा आईनं माझं मनगट घट्ट धरलं. थोड्या वेळानं सोडलं आणि खिडकीला कपाळ लावून बसली. खाली तुकड्या-तुकड्यांची शेतं होती, मग ढग आले. तिला चहा विचारला, तिनं नको म्हटलं. उतरत असल्याची घोषणा झाली तशी ती माझ्याकडं वळली.

"आलं?"

"हो, आलं."

ती पुन्हा खिडकीकडं वळली. मग हळूच म्हणाली, "तवा हे विमान असतं तर तिच्याजवळ बसायला घावलं असतं."

विमान थांबल्यावर मी तिची पिशवी खाली काढली.

विमानतळावरून मावशीच्या घरी पोचायला विमानापेक्षा जास्त वेळ लागला. टॅक्सी सिग्नलला अडकली की आई म्हणायची, "आता ही कवा पोचायची?" मावशी दारातच उभी होती. दोघी गळ्यात पडल्या आणि मग थेट स्वयंपाकघरात गेल्या. संध्याकाळी डोकावलो तर दोघी मेथी निवडत बसल्या होत्या. आई म्हणत होती, "मी उशिरा आले तवा."

"आली होतीस ना?" मावशी म्हणाली. "मला आठवतंय तू दारातून आत आलेली. बाकी त्या दिवसाचं काही आठवत न्हाई."

आईनं मान खाली घातली आणि निवडलेली जुडी पुन्हा निवडायला घेतली.

परतायच्या आदल्या दिवशी मावशीनं भाच्याचा, म्हणजे माझा, फोन मागितला. "त्या विमानात अजून एक जागा हाय का बघ." काका गेल्यापासून ती माहेराकडं आलीच नव्हती. तिच्या मुलानं विचारलं, "आई, एकदम?" ती म्हणाली, "सव्वा तास तर लागतो."

जागा मिळाली. येताना खिडकीजवळ मावशी बसली आणि मधे आई. नांदेडहून गाडीनं निघालो. कंधार मागं पडलं तशी मावशी रस्त्यावरच्या पाट्या मोठ्यानं वाचू लागली, आणि आई तिला प्रत्येक गावात आपलं कोण राहतं ते सांगत होती.