आकडा हलत नव्हता

"साहेब, तुमचं मशीन लय इमानदार हाये," प्लांट ऑपरेटर दिनकरभाऊ म्हणाले. "लाइट जाते, येते. आकडा नाई हालत. त्र्याण्णव म्हंजे त्र्याण्णव."

मी घड्याळात बघितलं.

हे मानोऱ्याकडचं एक खाजगी हॉस्पिटल. मी वाशीमहून ऑक्सिजन प्लांटचे मीटर तपासायला जातो. हा प्लांट हवेतून ऑक्सिजन वेगळा करतो. बंद पडून पुन्हा सुरू झाला की पहिली वीस मिनिटं गॅस कच्चा असतो. मीटर बॅटरीवर चालूच असतो, पण तेव्हा त्यावरचा ऑक्सिजनच्या टक्क्यांचा आकडा उतरलाच पाहिजे. तो नव्वदवर चढेपर्यंत वॉर्डचा व्हॉल्व्ह आपोआप बंद राहतो.

लाइट तीनच मिनिटांपूर्वी आली होती आणि व्हॉल्व्ह उघडा होता.

मी हातातला मीटर लावला. अडुसष्ट.

"आधी सिलिंडर चालू करा. मग प्लांटचा व्हॉल्व्ह बंद."

"काहून? त्र्याण्णव हाये ना."

"तो लाइट जायच्या आधीचा आहे, भाऊ."

मी वॉर्डात धावलो. ऑक्सिजनवर सात पेशंट होते. चार नंबरच्या आजींचं सॅच्युरेशन ब्याऐंशी. सिस्टर मास्क घट्ट करत होत्या.

"लाइट आली का यांचं असंच उतरते," त्या म्हणाल्या. "आमी समजलो, पंखे बंद होते म्हनून घाबरते म्हातारी."

असं किती वेळा झालं, हे विचारायचा मला धीर झाला नाही. त्र्याऐंशी. पुन्हा ब्याऐंशी. आजींचे ओठ काळपट दिसत होते. नऊ मिनिटांनी एक्याण्णव झालं, तेव्हा मी स्टुलावर बसलो.

मग सेन्सर तपासला. ही झिर्कोनियाची, चिनीमातीसारखी नळी. आतून-बाहेरून प्लॅटिनमचा थर. सातशे अंशांना ऑक्सिजन त्या थरावर इलेक्ट्रॉन घेतो आणि आयन होऊन नळीच्या भिंतीतून पार होतो. त्यातल्या व्होल्टेजवरून टक्के कळतात. प्लॅटिनमवर काही बसलं की इलेक्ट्रॉन घेणं मंदावतं. आकडा येतो, पण उशिरा. साधी हवा दिल्यावर पंधरा सेकंदांत एकवीसवर यायला हवा होता. बावीस मिनिटं लागली.

सेन्सरकडे येणाऱ्या नळीच्या जोडावर पांढरा लेप होता.

"गळत होतं," दिनकरभाऊ म्हणाले. "खिडकीच्या काचेचं सिलिकॉन उरलं होतं, ते लावलं. तवाच तर गळती थांबली."

त्या सिलिकॉनच्या वाफा तापलेल्या प्लॅटिनमवर जाऊन बसल्या होत्या.

"कधी लावलं?"

"तुमी मागं आले, त्याच्या आधी. तुमी तर पास लिहून गेले."

खरं होतं. तीन महिन्यांपूर्वी मी तपासणीचा गॅस जोडला आणि समोर चहाला गेलो. परत आलो तेव्हा आकडा बरोबर होता. मी सही केली. किती वेळात आला, हा कॉलम फॉर्ममध्ये नव्हता.

नवा सेन्सर बसवला. जोड पितळी फेरूलने, म्हणजे कडीने, आवळला. रिपोर्टमध्ये चहासकट सगळं लिहिलं. बॉसचा फोन आला.

"चहाचं कशाला लिहिलंस?"

"सर, चूक तिथेच झाली."

त्यांनी फोन ठेवला. फॉर्म अजून तोच आहे. मी प्रत्येक फॉर्मवर पट्टीने एक रेघ मारून 'सेकंद' असा कॉलम पाडतो, आणि तो भरेपर्यंत मीटरसमोरून उठत नाही.