लाल कागद

गणपतीच्या मांडवात हॅलोजनवर लावलेला लाल जिलेटिन कागद परवा करपला आणि त्या वासासरशी मला पाथर्डीला मी फिजिक्स शिकवायचो त्या कॉलेजातली प्रयोगशाळा आठवली. खिडक्यांना घोंगड्या लावून अंधार केला होता, आत उकडत होतं. बारावीच्या पोरांसमोर मी दिव्याला लाल कागद लावला आणि दिवा फोटोसेलच्या, म्हणजे उजेड पडला की वीज देणाऱ्या नळीच्या, जवळ जवळ नेत राहिलो. कागद करपला, तरी मीटरचा काटा शून्यावरच. मग निळा कागद लावून दिवा लांब ठेवला, तर काटा लगेच हलला. "उजेड कितीही वाढवा, रंग चुकीचा असला तर एकही इलेक्ट्रॉन सुटत नाही," मी म्हणालो. पहिल्या बाकावर माझाच मुलगा होता. संध्याकाळी घरी तो म्हणाला, इंजिनिअरिंग नको, नागापूर एमआयडीसीतल्या वर्कशॉपात लेथचं काम शिकतो. मी ओरडलो. तो ऐकेना, म्हणून आणखी ओरडलो. तेव्हा तो हळूच म्हणाला, "बाबा, दिवा लई जवळ आलाय, पण कागद लालच हाय." स्वयंपाकघरात त्याची आई खुदकन हसली आणि मी त्याच्या थोबाडीत मारली. सकाळच्या पहिल्या एसटीनं तो गेला. पोरगं न सांगता पळून गेलं, असंच मी आजवर सगळ्यांना सांगत आलो. आता हे खोटं सांभाळायचाही थकवा येतो, म्हणून लिहितो: तो माझ्यासमोर उभा राहून "येतो" म्हणाला होता, आणि मी वर्तमानपत्रातून मान वर केली नव्हती.