चाकापुढचा नारळ

पोलिसातल्या नोकरीत तपासलेले बरेच गुन्हे आता एकमेकांत मिसळून गेलेत, पण पिंपळवंडीच्या रस्त्यावरची ती घटना आजही जशीच्या तशी डोळ्यांपुढे उभी राहते. दिवेलागणीला चारा घेऊन घरी निघालेल्या बाईला एका पिकअपनं उडवलं आणि गाडी थांबलीच नाही. बाई वाचली, पाय मात्र मोडला. पंचनाम्यात हेडलाइटची काच आणि पांढऱ्या रंगाची खपली एवढंच हाती लागलं. पांढऱ्या पिकअप तर आमच्याकडे टोमॅटो असेल तिथे उभ्या!

गॅरेजवाले विचारून झाले. मग अवसरी बुद्रुकहून खबऱ्याचा फोन आला. "साहेब, गाडी जुनी, सण न्हाई, पूजा न्हाई, आन चाकापुढं नारळ फुटलाय. लिंबू-मिरची बी नवी हाय."

मी खुर्चीतून उठलोच. माणूस गाडी धुतो, काच बदलतो, पण अपघातानंतर नारळ फोडल्याशिवाय ती रस्त्यावर काढायची आपल्याकडे कुणाची छाती होत नाही.

गाडी ठाण्यात आणली. रंगाची खपली जुळली. मालक बुटका म्हातारा, जन्मभर जीप चालवलेला. त्याचा मुलगा पुढे झाला. "मीच चालवत व्हतो, साहेब." धिप्पाड, उंच गडी. एसटीत चालक म्हणून निवड झालेली, फक्त नेमणूक यायची होती.

जबाब लिहिण्याआधी मी म्हटलं, "बस गाडीत. कसा चालवत होतास दाखव."

सीट पुढे ओढलेली, वर गोधडीची घडी. गड्याचे गुडघे स्टिअरिंगला अडकले, डोकं टपाला लागलं. हवालदार हसले. मला हसू आलं नाही.

"कुणाला वाचवतोयस?"

"कुणाला न्हाई. लिहा माझं नाव."

मी बाकावरच्या बापाकडे वळलो. आवाज चढवला नाही. "बाबा, याच्यावर गुन्हा दाखल झाला तर एसटीची नोकरी गेलीच समजा."

म्हातारा उठला. "त्याचं नाव लिहू नका, साहेब. मी व्हतो. मोतीबिंदूनं लई दिवस धुरकट दिसतंय, पन बोललो न्हाई. पोरानं किल्ली काढून घेतली असती ना! बाई दिसलीच न्हाई. दणका बसला आन मी भ्यालो."

"आबा, गप बसा!" मुलगा ओरडत होता. आबा गप्प बसले नाहीत.

पुढे ते दवाखान्यात त्या बाईसमोर हात जोडून उभे राहिले. ती एवढंच म्हणाली, "आबा, थांबायचं तरी व्हतं."

आरोपपत्र आबांवर गेलं. मुलगा आज एसटी चालवतो, नारायणगावच्या स्टँडवर दिसला की लांबून हात करतो. आयती मिळालेली कबुली मी घेतली नाही, याचा मला आजही अभिमान वाटतो, आणि तो मी लपवत नाही. माराच्या भीतीनं खोटं बोलणारे पुष्कळ पाहिले. मायेपोटी खोटं बोलणारा पकडायला जास्त अवघड असतो.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी माझ्याही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला. घरी आलो आणि गाडीची किल्ली सुनेच्या हातात ठेवली.

"अप्पा, एवढ्या सहज?" ती चकित झाली.

म्हटलं, "मग काय, चाकापुढं नारळ फुटायची वाट बघू?"