कुकर वाजला का?

कामोठ्याच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात नवा कुकर आला, तेव्हा त्याच्याबरोबर बत्तीस पानांची एक पुस्तिकाही आली होती. ती कोणी वाचली नाही. वाचली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण आपल्याकडे पुस्तिका वाचायच्या नसतात, त्या गॅरंटी कार्डाबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात जपायच्या असतात.

कुकर विजेवरचा होता आणि तो सुनेने, श्रुतीने, मागवला होता. तिची बाळंतपणाची रजा संपत आली होती. एक तारखेपासून ऑफिस. त्यानंतर सहा महिन्यांच्या मनस्वीला दिवसभर आजीने, म्हणजे वैजयंतीबाईंनी, सांभाळायचं असं ठरलं होतं. पाळणाघराचं नाव श्रुतीने एकदाच काढलं होतं आणि वैजयंतीबाईंनी “मी मेले आहे का?” एवढंच विचारून तो विषय संपवला होता. तर तान्हं मूल आणि पेटलेला गॅस अशी दुहेरी राखण सासूला करायला लागू नये, म्हणून हा कुकर. जुना ॲल्युमिनियमचा माळ्यावर गेला. मुलगा निशांत याने एका पायात बूट घालता घालता आईला नवा कुकर शिकवला.

“हे झाकण असं फिरवायचं, हे बटण दाबायचं, बास. झालं की वाजेल तो. टेन्शन नाही.”

काय वाजेल, ते त्याने सांगितलं नाही आणि वैजयंतीबाईंनी विचारलं नाही. कुकर वाजतो म्हणजे शिट्टी होते, हेही आता विचारायचं का? वरण-भाताला तीन, बटाट्याला दोन, भिजवलेल्या छोल्यांना सहा. चाळीस वर्षं त्यांनी स्वयंपाक शिट्ट्यांवर केला होता. मिनिटं ही त्यांच्या मते बसची वाट बघण्यासाठी असतात.

आणि या कुकरला शिट्टीच नव्हती. तो मुकाट्याने वाफ पोटात घेऊन बसणारा होता. निशांतला ते ठाऊक, श्रुतीला ठाऊक, इतकं ठाऊक की सांगायचं दोघांच्याही मनात आलं नाही. घरातली निम्मी भांडणं अशीच होतात.

आता वैजयंतीबाईंच्या कानांविषयी सांगायलाच हवं, कारण त्यांचं सगळं आयुष्य त्या कानांवर चाललं होतं. ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कंपनीत त्या एकोणतीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होत्या. देवरुखहून लग्न होऊन आलेली मुलगी, इंग्रजी जेमतेम, पण कान असे तिखट की नुसत्या ‘हॅलो’वरून पलीकडचा माणूस कोण, कुठल्या गावाचा आणि साहेबांवर किती चिडलेला आहे हे सांगायच्या. चिडलेल्याला त्या थोडा वेळ होल्डवर ठेवत आणि तेवढ्यात साहेबांना सावध करत. निरोपसमारंभात मोठे साहेब म्हणाले होते की कंपनीचे कान आज रिटायर होत आहेत. नवरा, चंद्रशेखर, पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता. तो चार वर्षांपूर्वी गेला, पण ते वाक्य वैजयंतीबाईंनी अजून जपलं होतं. अलीकडे मालिकेतली माणसं पुटपुटतात असं त्यांना वाटायचं, तेव्हा त्या हल्लीच्या नटांना उच्चारच येत नाहीत म्हणायच्या.

पहिल्या दिवशी त्यांनी डाळ-तांदूळ लावले, बटण दाबलं आणि स्टूल ओढून कुकरसमोर बसल्या. आतल्या खोलीत दार लावून श्रुती मनस्वीला निजवत होती. कुकरच्या काचेवर आधी काही इंग्रजी अक्षरं उमटली, बऱ्याच वेळाने आकडे आले आणि एकेक करून उतरू लागले. आठ, सात, सहा. वैजयंतीबाईंनी कान टवकारले. आकडे संपले, पण शिट्टी नाही. मग आकडे उलटे चढायला लागले. एक, दोन, तीन. हे तर भलतंच. पहिली शिट्टी झाली असं समजायचं की अजून व्हायची आहे? त्या बसून राहिल्या. आकडा चाळिसावर गेला तरी बसूनच होत्या.

श्रुती बाहेर आली. “आई, अजून नाही झालं? मला वाटलं कधीच झालं असेल.”

“झालं की. शिट्ट्या मोजत बसले होते,” वैजयंतीबाई म्हणाल्या.

श्रुतीला वाटलं सासूबाई गंमत करतायत. ती हसली आणि तिनेही गमतीतच विचारलं, “मग किती झाल्या?”

वैजयंतीबाईंनी वळून कुकरकडे पाहिलं. म्हणजे होतात तर. म्हणजे आपल्यालाच ऐकू आल्या नाहीत.

“तीन,” त्या म्हणाल्या, आणि फसल्या.

त्या दुपारी त्यांनी घरातल्या घरात कानांची परीक्षा घेतली. बेल ऐकू आली. भंगारवाला खालून ओरडला, तोही ऐकू आला. शेजारच्या मालतीबाईंचा कुकर दोन स्वयंपाकघरांमधल्या डक्टमधून चार वेळा किंचाळला, तोही चारही वेळा स्वच्छ. मग आपल्याच ओट्यावरचा कुकर, दोन फुटांवरचा, का ऐकू येऊ नये? शेजारणीचं ऐकू येतं आणि घरचं येत नाही, असा कानांचा आजार त्यांनी कधी ऐकला नव्हता. कान स्वच्छ केले, तेल घातलं, उजवा दाबून डावा लावला, डावा दाबून उजवा. काही उमगेना. उमगली ती एकच गोष्ट. ज्या बाईला स्वतःचा कुकर ऐकू येत नाही, तिच्यावर कोणी तान्हं मूल सोपवत नाही. एक तारखेला अकरा दिवस उरले होते.

गरज पडली की माणसाला अक्कल सुचते, बरी असो वा नसो. वैजयंतीबाई मालतीबाईंच्या शिट्ट्यांवर स्वयंपाक करू लागल्या. मालतीबाई मूळच्या शिरवण्याच्या, नवऱ्याबरोबर इथे राहायला आलेल्या. त्यांचा कुकर सव्वाअकराला चढायचा. ह्याही सव्वाअकराला बटण दाबत आणि डक्टच्या खिडकीला कान लावून उभ्या राहत. मालतीबाईंची तिसरी शिट्टी झाली की आपला कुकर बंद. सावधगिरी म्हणून सकाळी दारात चौकशीही करून ठेवत.

“आज काय करताय?”

“आज वाल हायेत,” मालतीबाई म्हणायच्या. “सा-सात शिट्ट्या लागतील. पन ताई, तुमी रोज काय इचारता? येऊ का घेऊन वाटीभर?”

वाटीभर वाल आले, तेवढाच फायदा. बाकी सगळा गोंधळच. मालतीबाईंचा गॅस मोठा असला की इकडचा भात कच्चा, बारीक असला की बरा. वरण एके दिवशी पिठलं, दुसऱ्या दिवशी डाळ वेगळी आणि पाणी वेगळं. श्रुतीने तीन दिवस पाहिलं, चौथ्या दिवशी म्हणाली, “आई, यात फॉल्ट आहे. मी कंपनीत कम्प्लेंट टाकते. माणूस येऊन चेक करेल, काय वाजत नाही, काय चालत नाही ते.”

“अगं, नको. नवीन आहे, रुळेल,” वैजयंतीबाई घाईने म्हणाल्या. चोराच्या मनात चांदणं. माणूस येणार, कुकर लावणार, तो शिट्ट्या मारणार, आणि सगळे वळून आपल्याकडे बघणार, हे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. दुपारी मनस्वीला मांडीवर घेऊन त्या तिच्या तोंडाकडे बघत बसत. ती ओठ काढायला लागली की आवाजाच्या आधीच उचलून घेत. आजीला बाळाचं किती कळतं म्हणून श्रुती कौतुक करायची, आणि त्या कौतुकाने यांना रडू यायचं.

रविवार आला. मालतीबाईंनी आदल्या दिवशी सांगितलं होतं की त्या भावाकडे चालल्या आहेत, पण वैजयंतीबाईंनी नेहमीप्रमाणे सव्वाअकराला बटण दाबलं आणि मग त्यांना ते आठवलं. डक्ट गप्प. दुसऱ्या कोणाचा तरी कुकर लागेल म्हणून त्या थांबल्या. रविवारी अर्धी सोसायटी बाहेरून मागवते, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. बारा वाजायला आले. निशांत आंघोळ करून, डोकं पुसत स्वयंपाकघरात आला. आई झाकणावर हात ठेवून उभी.

“आई, वाढ ना. भूक लागलीय.”

“थांब. शिट्टी नाही झाली अजून.”

“कसली शिट्टी?”

वैजयंतीबाई आता थकल्या होत्या. अकरा दिवसांतले सात दिवस खोटं बोलून माणूस थकतोच. “कुकरची,” त्या म्हणाल्या. “या कुकरची शिट्टी मला एकदाही ऐकू आलेली नाही, निशांत.”

निशांत टॉवेल हातात धरून बघत राहिला आणि मग असा हसत सुटला की श्रुती मनस्वीला घेऊन धावत आली. “अगं आई, याला शिट्टीच नसते. श्रुती, ऐकलंस का? आठ दिवस आई शिट्टीची वाट बघतेय.”

श्रुतीला ते ‘तीन’ आठवलं आणि तीही हसायला लागली. आणि वैजयंतीबाईंचा जीव असा भांड्यात पडला की त्या सगळ्यांपेक्षा जास्त हसल्या. डोळे पुसत, ओट्याला टेकून हसल्या. मालतीबाईंच्या शिट्ट्यांची कबुली देऊन टाकली, वालांची वाटीसुद्धा सांगितली. कान शाबूत होते. मनस्वी घरात राहणार होती. आपण इतकी बावळट असू यात त्यांना त्या क्षणी केवढा आनंद वाटला.

“पण तुला कळलं कसं नाही?” निशांत ताटं घेत म्हणाला. “झालं की वाजतो ना तो. बीप बीप बीप, पाच-सहा वेळा. आत्ताच तर वाजला. मला बाथरूममध्ये नळ चालू असताना ऐकू आला.”

एवढं बोलून तो ताटं घेऊन बाहेर गेलासुद्धा. आपण काय बोललो हे त्याच्या ध्यानात आलं नाही. श्रुतीही अजून हसत होती.

वैजयंतीबाई कुकरकडे बघत राहिल्या. हात झाकणावर होता, आत्ताही आणि तो वाजला तेव्हाही. त्यांनी एक बटण दाबलं. मग कान जवळ नेऊन पुन्हा दाबलं.

“श्रुती, हे आत्ता वाजलं का गं?”

“हो, वाजलं की. दोनदा.”

गप्प राहणं किती सोपं होतं. सगळ्यांनी हसून घेतलं होतं, गोष्ट संपली होती. कुकर आता आकड्यांवर लावता आला असता, कोणाला कधी कळलं नसतं. वैजयंतीबाईंनी पदराने हात पुसले, पुन्हा पुसले.

“मला नाही ऐकू आलं,” त्या म्हणाल्या. “शिट्टी नव्हती ते ठीक. पण हे होतं, आणि मला आठ दिवसांत एकदाही ऐकू आलं नाही. बेल ऐकू येते, मालतीबाईंचा कुकर येतो. हे बारीक काही येत नाही. आणखी काय काय येत नसेल, ते मला कसं कळणार? मनूला माझ्याजवळ ठेवायचं की नाही ते तुम्ही ठरवा.”

निशांत दारात येऊन उभा होता. श्रुतीने हातातल्या झोपाळलेल्या बाळाकडे पाहिलं, तिला आतल्या खोलीत नेऊन निजवलं, दार लोटलं आणि परत आली. मग तिने सासूसमोर पान वाढलं. “उद्या कान दाखवू, आई. मशीन मिळतं, आता दिसतही नाही. एक तारखेचं नंतर बघू,” ती सावकाश, जरा मोठ्याने म्हणाली. ते ‘जरा मोठ्याने’ वैजयंतीबाईंना बरोबर कळलं.

तिघं जेवायला बसली. भात त्या दिवशी फार छान झाला होता, एकेक शीत मोकळं. अर्ध्या जेवणात निशांतने घास हातात धरून मान वर केली. श्रुतीनेही लोटलेल्या दाराकडे पाहिलं, आणि मग दोघांनी, नको म्हणता म्हणता, आईकडे पाहिलं.

वैजयंतीबाई उठल्याच होत्या. डावा हात टेकून, खरकटा उजवा वर धरून त्या दाराकडे निघाल्या. मनस्वी रडत होती, हे खरं. पण ते त्यांनी ऐकलं होतं की त्या दोघांच्या चेहऱ्यांवर पाहिलं होतं, हे दारापर्यंत पोचल्या तरी त्यांचं त्यांनाच सांगता येईना.