चेटकिणीचा बाण आणि लोपीस सरांची कंबर

गुरुवारी दुपारी इन्शुरन्स कंपनीचा मेल आला. पेशंटला बाण लागलेला आहे, तर पोलीस रिपोर्ट जोडा. आमचे लोपीस सर वसईचे, एरवी शांत. त्यांनी मेल दोनदा वाचला आणि मला केबिनमध्ये बोलावलं.

"अन्वर, मनामात धनुष्यबाण घेऊन कोण फिरतं रे?"

मी बहरैनच्या राजधानीत, मनामातल्या एका हॉस्पिटलात मेडिकल कोडर आहे. प्रत्येक आजाराला एक ठरलेला नंबर असतो, तो मी फॉर्मवर टाकतो. नंबर बघून इन्शुरन्सवाले अप्रूव्हल देतात, मग उपचार. हा पेशंट फिनलंडचा, मीना सलमान बंदरात जहाजांची इंजिनं बघणारा. कंबर धरून आडवा झालेला. आमच्या डॉक्टरांनी लिहिलं होतं, ‘जुनंच दुखणं, सोबतचा रिपोर्ट पाहावा’. रिपोर्ट फिनिश भाषेत. मोबाइलवर भाषांतर केलं तर आलं, ‘चेटकिणीचा बाण’. चेटकिणीला नंबर नव्हता. बाणाला होता, तो टाकला.

चार वाजता अप्रूव्हल बंद होणार, इथे शुक्रवार-शनिवार सुट्टी, ते थेट रविवारी उघडणार. तोवर त्या माणसाला इंजेक्शन नाही, आणि चूक सगळी माझी. लाज वाटली. तसाच वॉर्डात पळालो.

बाणाचं विचारल्यावर तो हसला, आणि हसल्यामुळे कळवळला. म्हणाला, शब्द आहे ‘नोइदाननुओली’. नोइता म्हणजे चेटूक करणारी, नुओली म्हणजे बाण. धडधाकट माणूस वाकतो काय आणि तिथेच अडकतो काय, तेव्हा जुन्या लोकांना वाटायचं की कुणीतरी न दिसणारा बाण मारला. पुढे चेटकिणी गेल्या, शब्द तेवढा राहिला.

"अहो, ही तर उसण," मी मराठीतच बोलून गेलो. मग त्याला इंग्रजीत समजावलं. आमच्या रत्नागिरीकडे कमरेत उसण भरली की पायाळू माणसाला बोलावतात. पायाळू म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो. त्याने कमरेला पाय लावला की उसण जाते म्हणतात.

"असा कुणी इथे मिळेल?" त्याने गंभीरपणे विचारलं.

"मीच आहे. पण मला फॉर्मवर नंबर नाही."

डॉक्टरांना विचारून कंबरदुखीचा नंबर टाकला. चारला दहा कमी असताना अप्रूव्हल आलं. संध्याकाळी तो उशीला टेकून चहा पीत होता. मला हायसं वाटलं. घरी जाताना लोपीस सरांना सगळी गोष्ट सांगितली, पायाळूसकट.

रविवारी लोपीस सर प्रिंटरखालचा कागद उचलायला वाकले आणि तसेच राहिले. मला बोलावून दार लावायला सांगितलं.

"बूट काढ," ते म्हणाले. "आणि हे कुठल्याही फॉर्मवर येता कामा नये."

तेव्हापासून मी दोन नियम पाळतो. नंबर टाकण्याआधी पेशंटला भेटायचं, आणि ऑफिसला रोज धुतलेले मोजे घालून जायचं.