टॉवेल टाकलेली जागा

पोलादपूरच्या स्टँडवर एसटी पुरती थांबायच्या आत तात्यांचा टॉवेल खिडकीतून आत गेलेला असे. मागून तात्या दाराने सावकाश चढत. तोवर दोन जागांवर पसरलेल्या त्या टॉवेलाला हात लावायची कुणाची छाती नसे. एक जागा काकूची, एक त्यांची. "टॉवेल पडला का जागा आपली," हा त्यांचा कायदा, आणि तो पार मुंबईपर्यंत चालताना मी पाहिला आहे.

तात्या माझे चुलते. पोलादपूरच्या वरच्या वाडीत शेती, मुलगा बंगळुरात. त्याला मुलगी झाली, तेव्हा नात बघायला दोघांना विमानाने न्यायचं मी अंगावर घेतलं. मोबाइलवर स्वस्त तिकिटं काढण्यात अख्ख्या महाडात माझ्यासारखा तरबेज कुणी नाही, असं निदान माझं तरी मत होतं. काकू विमानाला घाबरत होती. हे शेजारी बसणार असतील तरच येते, एवढीच तिची अट. मी म्हटलं, त्यात काय मोठंसं!

तिकीट खरोखर स्वस्त निघालं. म्हणजे नुसतं तिकीट. सामानाचे वेगळे पैसे, खाण्याचे वेगळे, आणि जागा निवडायची तर तिचेही वेगळे. जागेचा भाग मी हुशारीने वगळला. नवरा-बायकोला कोण कशाला लांब बसवेल? कंपनीने बसवलं. काकू मधल्या रांगेत दोन परक्यांच्या मध्ये, तात्या शेवटी संडासाला टेकून, मी तिसरीकडेच.

विमानतळावर नातीच्या घरासाठी घेतलेल्या तांदळाची पिशवी जड भरली. तिच्यासाठी जो दंड भरला, त्यात महाडच्या बाजारात तेवढाच तांदूळ पुन्हा आला असता. त्यात विमानाला उशीर. चहाचा भाव ऐकून काकूची तहान आपोआप भागली. तात्या शांतपणे म्हणाले, "बाळ्या, स्वस्त स्वस्त म्हनत व्हतास, ता ह्याच काय रे?"

जागांचा घोळ मी त्यांना सांगितला तो विमानाकडे नेणाऱ्या बसमध्ये, तोंडातल्या तोंडात. बसचं दार उघडलं मात्र, तात्या सगळ्यांच्या आधी शिडीवर. आम्ही पोहोचलो तर पहिल्या ऐसपैस रांगेत दोन जागांवर टॉवेल, आणि शेजारी तात्या पहाऱ्यावर. "ये गो, जागा धरलीय."

हवाईसुंदरी मराठीच होती. तिने गोड आवाजात समजावलं, काका, या जागांचे जादा पैसे पडतात.

"कुनी बसनार हाय काय हितं?"

"नाही, पण..."

"मग?"

मी ऐटीत पाकीट काढलं, आकडा ऐकला आणि पाकीट परत ठेवलं. तात्यांनी टॉवेल उचलून नीट घडी घातली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा टॉवेल उठला होता. त्या दोन्ही जागा बंगळुरापर्यंत रिकाम्या गेल्या. हवेला बसायला ऐसपैस जागा, फुकट.

पट्टे बांधायचा दिवा विझताच तात्या मागून आले आणि काकूच्या रांगेशी उभे राहिले, एसटीतल्यासारखे, बाकाच्या दांडीऐवजी खुर्चीची पाठ धरून. हवाईसुंदरीने त्यांना परत पाठवलं की खाण्याची गाडी पुढे सरकेपर्यंत थांबत, मग पुन्हा हजर. "मुंबयपर्यंत उभ्यानं गेलोय पोरी, ह्या काय लांब हाय?" काकूने डोळे गच्च मिटले होते. मुठीत त्यांच्या टॉवेलाचं टोक होतं.

तात्या गेले त्याला आता वर्ष होईल. परवा काकूला मुंबईला सोडायला एसटीने निघालो. या वेळी शहाणपणाने दोन्ही जागा आधीच आरक्षित केल्या होत्या. काकू खिडकीशी बसली. पिशवीतून तो टॉवेल काढला आणि माझ्या जागेवर पसरला.

मी दांडी धरून उभा राहिलो. माणगावला कंडक्टरने माझं तिकीट बघितलं. "जागा हाय की तुमची. बसा ना."

"टॉवेल टाकलाय," मी म्हणालो.

कंडक्टर पोलादपूरचाच. त्याने टॉवेलाकडे पाहिलं, काकूकडे पाहिलं, आणि मला जरा बाजूला सारून पुढे गेला.