परवान्यावरचं नाव

कोंडीरामला ती बंदूक डोळे बांधून खोलता यायची. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि पुढं तेच त्याच्या मुळावर आलं.

लोहाऱ्यापासून दोन कोसांवरचं गाव, निजामाचं राज्य. माणिकप्पा गावातला मोठा खातेदार. घरात रोज लिंगपूजा, मांसमच्छीचं नाव नाही. पण अडतीस साली सोलापुरातला एक गोरा साहेब मायदेशी निघाला, आणि त्याची शिकारीची रायफल माणिकप्पानं विकत आणून सोप्यात खुंटीला टांगली.

"घरात लिंग अन् खुंटीला हत्यार," त्याची बायको सिद्धम्मा म्हणाली. "आता देवाला बेल वाहू का बारूद?"

"डुकरं ज्वारी लोळवतात. तुझा बेल बघून पळतात का ती?"

"पण मारणार कोण? उंदीर दिसला की पाय वर घेता तुमी!"

मारणार कोण, ते उत्तर पायरीपाशी उभं होतं. कोंडीराम त्यांचा सालगडी. त्याचा बाप लिंबाजी ठासणीच्या बंदुकीनं डुकरं मारायचा. नळीत दारू ओतायची, वर गोळी, गजानं ठासायचं आणि एक बार काढायचा. त्यानंतर ती बंदूक नाही, नुसती काठी. साऱ्या पंचक्रोशीला बंदूक कळत होती ती एवढीच: आवाज झाला की रिकामी.

ही विलायती तशी नव्हती. तिच्या पोटात पाच काडतुसं बसायची. चाप ओढला की बार व्हायचा, रिकामं टरफल उजव्या अंगाला उडायचं, आणि पुढचं काडतूस आपलं आपण नळीत जाऊन बसायचं. चाप पुन्हा दाबायची खोटी.

"बाई लई गुणाची हाय मालक," ती पहिल्यांदा खोलून पुसताना कोंडीराम म्हणाला होता. "पण गप दिसली म्हून निजलीय असं समजू नगा."

आठ वर्षं त्यानं तिला शिलाई मशीनचं तेल पाजलं, गजाला फडकं गुंडाळून नळी आरशासारखी ठेवली. डुकरं तो मारायचा. लोक म्हणायचे, माणिकप्पाच्या बंदुकीनं डुक्कर पडलं. त्याचंही त्याला काही नव्हतं. सल होता तो दुसराच.

पहिल्याच साली मळ्याकडं बंदूक नेताना शिपायानं त्याला अडवलं होतं.

"परवाना?"

"मालकाच्या नावावर हाय."

"तू मालक आहेस का?"

दोन दिवस कोठडीत काढले. तेव्हापासून त्यानं एकच धोशा लावला: परवान्यावर धन्याच्या नावाखाली नोकराचं नाव चढवता येतं, ते चढवा. माणिकप्पा दर साली परवाना नवा करायला उस्मानाबादला जायचा आणि हात हलवत यायचा. कधी साहेब दौऱ्यावर, कधी गर्दी, कधी सरळच, "विसरलो बघ! पुढच्या साली नक्की."

"तुमचं नाव काय रामनाम हाय व्हय," कोंडीरामची बायको कडूबाई हसायची, "कागदावर घेतल्याबिगर मोक्ष न्हाय?"

"तुला न्हाय कळायचं. त्यो कागद असला की म्या त्या बंदुकीचा. न्हायतर चोर."

सेहेचाळीस सालचा दसरा आला. गावची रीत अशी की सीमेवर आपट्याची पूजा झाली की बंदुकीचा एक बार आभाळात काढायचा, आणि मग बंदूकवाल्या घरच्या सवाशिणीनं नळीच्या तोंडाला कुंकू लावायचं. ठासणीच्या बंदुकांच्या काळातली रीत ती. बार झालेल्या नळीचं भय कुणाला? म्हणून कोंडीराम दर दसऱ्याला या बंदुकीत एकच काडतूस घालायचा. बार तोच काढायचा. त्यानं हे कधी कुणाला समजावून सांगितलं नाही. सांगायचं काय, बंदूक त्याच्याच तर हातात असायची.

त्या साली मात्र परंड्याहून माणिकप्पाचे होणारे व्याही आले होते.

"आज बार मी काढणार," माणिकप्पा फेटा बांधत म्हणाला. "आणि पाच भर. पाहुण्यांना टरफलं उडालेली दिसू देत."

"मालक, एकच बरं. रीत एकीचीच हाय."

"बंदूक कुणाची रं?"

कोंडीरामनं पाच भरली. भरता भरता तीनदा बजावलं, "मग पाचीच्या पाची उडवा. मोजून. अन् तशीच माझ्या हातात द्या. कुंकू मागनं."

"बरं बरं, मास्तर!"

सीमेवर हलगी घुमत होती. बिभीषण वाजवायला लागला की म्हाताऱ्यांचे पायसुद्धा थांबत नसत. माणिकप्पानं नळी वर केली, डोळे गच्च मिटले आणि बार काढला. दणक्यानं तो दोन पावलं मागं आला, फेटा कानावर घसरला, लोक ओरडले, व्याह्यांनी टाळ्या वाजवल्या. एवढ्या कौतुकात माणूस पाचपर्यंत मोजतो का? त्यानं बंदूक खाली घेतली. बोट चापावरच. सिद्धम्मा ताट घेऊन पुढं आली आणि नळीच्या तोंडाकडं कुंकवाचं बोट नेलं.

"मालक, थांबा! आत हाय! आत हाय!"

हलगीत कुणाला काय ऐकू येणार. कोंडीरामनं झेप घेतली आणि नळी धरून बाजूला ओढली. ओढली तशी माणिकप्पाच्या बोटानं चाप दाबला गेला.

हलगी थांबली. बिभीषण खाली बसला, जणू दमला होता. मग आडवा झाला. छातीवरची हलगी ओली होत गेली. कुंकवाचं ताट सिद्धम्माच्या हातातून पडलं. ती जिवंत होती. नळी मात्र कोंडीरामच्या मुठीत होती, आणि सगळ्या गावाला दिसली ती तेवढी मूठ.

पोलिसांचा अमीन आला, पंचनामा सुरू झाला.

"बंदूक माझी," माणिकप्पा म्हणाला, "पण वापरतो हा. मी एक बार काढून याच्या हातात दिली. पुढचं यानंच केलं."

कोंडीराम सिद्धम्माकडं बघत राहिला. नळीच्या तोंडाशी तीच तर उभी होती. अमीनानं विचारलं तेव्हा तिनं नवऱ्याकडं पाहिलं. नवरा हलक्या आवाजात कानडीत एवढंच म्हणाला, "ब्याडा." नको.

"माझे डोळे मिटलेले होते," ती म्हणाली. "मी हात जोडले होते."

"आक्का," कोंडीराम म्हणाला, "हातात तर ताट हुतं."

ती आत निघून गेली.

"साहेब, त्यात आजून तीन हायत. काढून ठिवतो."

"हात लगाया तो देख!" अमीन ओरडला. "बार हो गया ना? अब क्या है उसमें?" बंदुकीवर कापड गुंडाळलं, लाखेचं सील बसलं.

अडचण एकच उरली होती. परवाना नसलेल्या गड्याच्या हातात बंदूक दिली, म्हणजे मालकच गुन्हेगार. ती अडचण आठ दिवसांत मिटली. कोर्टात परवाना मोठ्यानं वाचला गेला आणि माणिकप्पाच्या नावाखाली, जुन्या तारखेनं, नोकराची एक ओळ निघाली: मुलाजिम, कोंडीराम वल्द लिंबाजी. कुणाच्या हातानं चढली, त्याची विचारपूस झाली नाही. आठ वर्षं जे काम होत नव्हतं, ते आठ दिवसांत झालं.

"तुझंच नाव ना?" न्यायाधीशानं विचारलं.

"व्हय," कोंडीराम म्हणाला. खोटं कसं बोलणार?

तीन वर्षं सक्तमजुरी. आत त्याला माणिकप्पाचा राग येत नव्हता तेव्हा एकच विचार यायचा. मी ओढली नसती तर उडाली असती का? मग सिद्धम्मा गेली असती की कुणीच नाही? या प्रश्नाला वर्षं मोजून संपायची सोय नव्हती. बाहेर सिद्धम्मा दर अमावास्येला कडूबाईकडं ज्वारी पाठवायची. कडूबाई घ्यायची. न घेऊन चूल पेटणार होती थोडीच.

तो सुटून आला तेव्हा निजाम जाऊन वर्ष झालं होतं आणि माणिकप्पाला जाऊन सहा महिने. पहिल्याच दिवशी बिभीषणची बायको द्वारकाबाई त्याला आडावर दिसली. तिनं अर्धी घागर तशीच उचलली आणि पाठ फिरवली. त्याच्याकडं तिला सांगण्यासारखं सगळं होतं, पण पाठीला काय सांगणार.

महिन्याभरानं लोहाऱ्याच्या तहसिलीतून बोलावणं आलं. जमा बंदुकांच्या ढिगात ती होती. कापड कुजलेलं, सील तसंच. नवा कारकून कागद बघत म्हणाला, "मालक मयत. दुसरं नाव तुमचं. पण तुम्ही शिक्षा भोगलेले, तेव्हा नाव काटतो. इथं अंगठा करा." त्यानं लाल शाईची रेघ ओढली.

"एकदा हातात घिऊ का?"

"घ्या. गंजून काठी झालीय तिची."

कोंडीरामनं सील तोडलं. नळी भिंतीकडं केली, खटका मागं ओढायला दोन्ही हातांचा जोर लागला. एक काडतूस टणकन टेबलावर पडलं. मग दुसरं. मग तिसरं. कारकून खुर्चीसकट मागं सरकला.

"अहो! भरलेली होती? कुणी भरली ही?"

"म्या."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

साऱ्या खटल्यात हे कोंडीरामला कुणी विचारलं नव्हतं.

"मालकाच्या," तो म्हणाला. "पाच भर म्हणले. म्या नगं म्हणलो."

कारकुनानं मान हलवली, तीन काडतुसं पाकिटात घातली आणि वर लिहिलं: बेवारस, नग तीन.